घामाचे दाम आणि शासनाची सत्ता : शरद जोशी यांच्या स्वतंत्रतावादी विचाराची चिकित्सा

शरद जोशी (१९३५–२०१५) यांचे नाव निघाले की प्रथम आठवते ती शेतकरी संघटना, चाकणचा कांदा, निपाणीचा तंबाखू आणि रस्त्यावर बसलेले शेतकरी. त्यांच्या कार्याचे मूल्यमापनही बहुधा चळवळीच्या यशापयशाच्या अंगाने झालेले आहे. परंतु जोशी हे जितके आंदोलक होते तितकेच लेखकही होते. आणि शासनसंस्थेच्या अधिकारांस मुळातूनच आव्हान देणारा, ज्यास स्वतंत्रतावाद म्हणता येईल असा विचार मराठीत इतक्या सातत्याने व इतक्या विस्ताराने दुसऱ्या कोणी मांडल्याचे आढळत नाही. या विचाराची तात्त्विक बाजू तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चळवळीचा इतिहास येथे आवश्यक तेवढाच येईल.

भारतीय टपाल सेवेत व त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघात काही वर्षे काम करून जोशी परत आले आणि १९७७ साली त्यांनी चाकणजवळील आंबेठाण येथे कोरडवाहू शेती घेतली. दारिद्र्याचे मूळ शोधावयाचे तर ते स्वतः शेती करूनच शोधले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. या शोधातून जे उत्तर निघाले ते हिशेबाच्या वहीतून निघालेले उत्तर होते, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे पाश्चात्त्य लेखक सामान्यतः व्यक्तीच्या हक्कांपासून आरंभ करतात, किंवा हायेक यांच्याप्रमाणे मध्यवर्ती नियोजकास सर्व व्यवहारांचे ज्ञान असणे शक्य नाही या मुद्द्यापासून. जोशी आरंभ करतात तो एक क्विंटल कांदा पिकविण्यास किती खर्च आला आणि बाजारात त्याचे किती आले, येथून.

या हिशेबातून त्यांनी इतिहासाची एक उपपत्ती उभी केली. शेती हा असा व्यवसाय आहे की ज्यात एका दाण्याचे अनेक दाणे होतात, म्हणजे निसर्गतःच वरकड निर्माण होते. त्या वरकडाची लूट हाच त्यांच्या मते मानवी इतिहासाचा मुख्य धागा होय. प्रथम टोळ्या येऊन धान्य लुटून नेत. पुढे तेच लुटारू राजे होऊन बसले व लुटीस महसूल हे नाव मिळाले. वसाहतींच्या काळात ती लूट व्यापाराच्या मार्गाने झाली. आणि स्वातंत्र्यानंतर स्वकीयांच्या शासनाने शेतमालाचे भाव पाडण्याच्या धोरणाने ती चालू ठेवली. ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही त्यांची सुप्रसिद्ध विभागणी या उपपत्तीचाच शेवटचा टप्पा आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रान्झ ओपेनहायमर यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या राज्यसंस्थेवरील ग्रंथात याच जातीचा सिद्धान्त मांडला होता. गरजा भागविण्याचे दोन मार्ग, एक स्वतःच्या श्रमाचा व विनिमयाचा, दुसरा दुसऱ्याचे श्रमफल हिरावून घेण्याचा. आणि राज्यसंस्था म्हणजे या दुसऱ्या मार्गाचे संघटित रूप, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९९३ साली फिरत्या लुटारूचा स्थायिक लुटारू कसा होतो याचे विवेचन केले, तेही येथे स्मरते. परंतु ओल्सन यांचा स्थायिक लुटारू उद्याची लूट टिकावी म्हणून रयतेचे काही प्रमाणात रक्षणही करतो, रस्ते बांधतो, न्यायनिवाडा करतो. जोशींच्या मांडणीत या दुसऱ्या बाजूस फारसे स्थान नाही.

शासन शेतकऱ्याकडून काही प्रत्यक्ष काढून घेत नाही, उलट त्यास खत, वीज, पाणी यांवर अनुदानच देते, असा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जात असे. त्यास जोशींनी दिलेले उत्तर हा त्यांच्या विचारातील सर्वांत बळकट भाग होय. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, लेव्ही, जिल्हाबंदी व प्रांतबंदी, स्वस्त आयात या उपायांनी भाव पाडला गेला तर शेतकऱ्याचे जे नुकसान होते ते अनुदानातून वजा केले पाहिजे. आणि ही वजाबाकी केली की हाती उरते ती उणे सबसिडी. बाजारसमितीत माल नेल्यावर हमाली, तोलाई, अडत व वाहतूक यांची रक्कम विक्रीच्या रकमेहून अधिक भरावी आणि शेतकऱ्यानेच अडत्यास पदरचे पैसे द्यावेत, याला ‘उलटी पट्टी’ म्हणतात. जोशींनी हा बाजारातला शब्द उचलला आणि तो साऱ्या देशाच्या अर्थनीतीस लावला. अर्थशास्त्रातील एक अवघड कल्पना निरक्षर शेतकऱ्यासही एका शब्दात कळावी, हे मराठी गद्याच्या दृष्टीनेही सामान्य काम नव्हे.

हा दावा केवळ चळवळीचा आवेश होता असे आता म्हणता येणार नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि दिल्लीतील इक्रियर ही संस्था यांनी २०१८ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनुदाने जमेस धरूनही, २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्यास मिळालेला एकूण आधार सरासरीने शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या सुमारे उणे १४ टक्के होता, असे दाखविण्यात आले. बहुतेक संपन्न देशांत हा आकडा अधिक चिन्हाचा असतो.

आता संघटनेच्या घोषणेकडे वळू. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या पाच शब्दांत स्वाभिमान आहे, हिशेब आहे, आणि एक संदिग्धताही आहे. दाम हवे, ते कोणाकडून? १९८० साली नाशिक जिल्ह्यातील आंदोलनात उसाला टनास ३०० रुपये व कांद्याला वाजवी भाव मिळावा ही मागणी झाली ती शासनाकडेच झाली. उत्पादनखर्चावर आधारित भाव शासनाने बांधून द्यावा असे म्हणणारा मनुष्य शासनाचा संकोच मागतो आहे की विस्तार? टीकाकारांनी येथे विसंगती पाहिली. १९९० नंतर जोशी खुल्या बाजाराचे उघड पुरस्कर्ते झाले तेव्हा तर ‘जोशी बदलले’ असेच म्हटले गेले.

माझ्या मते हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ज्याच्या दुकानास बाहेरून कुलूप लावले आहे त्याने कुलूप लावणाऱ्याकडेच भरपाई मागावी आणि नंतर किल्लीही मागावी, यात तर्कदोष नाही. निर्यातीचा दरवाजा शासनाने बंद केला असता खरेदीही शासनानेच करावी ही मागणी त्या परिस्थितीपुरती सयुक्तिक होती. महाराष्ट्रात तर शेतकऱ्याचे हात सर्व बाजूंनी बांधलेले होते. १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस उत्पादकाने आपला कापूस एकाधिकार योजनेखालीच विकावा असे बंधन होते, आणि ऊस ज्या कारखान्याच्या क्षेत्रात येई त्याच कारखान्यास घालावा अशी झोनबंदी होती. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात त्या गिऱ्हाइकाशी भावाचे भांडण करणे आणि दुसरे गिऱ्हाईक येऊ द्या म्हणणे, ही एकाच लढ्याची दोन अंगे होत. संघटनेने झोनबंदी उठविण्याची मागणी केली तेव्हा तिला सर्वांत कडवा विरोध सहकारी साखर कारखान्यांच्या पुढाऱ्यांकडून झाला, यात नवल नाही.

तरीही आक्षेपाचा अर्धा भाग उरतोच. उत्पादनखर्च भरून निघाला पाहिजे ही एक न्यायाची कल्पना आहे. खुला बाजार तिची हमी देत नाही. बाजार खुला झाला आणि तरीही भाव खर्चाखाली गेला, तर काय? तेव्हा ती लूट नव्हे, ते केवळ मागणी-पुरवठ्याचे गणित, असे म्हणावे लागेल. आणि मग ‘घामाचे दाम’ या शब्दांतील नैतिक आग्रह गळून पडतो. कर्नाटकातील शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांनी डंकेल प्रस्तावास विरोध केला आणि जोशींनी त्याचे स्वागत केले, तेव्हा हीच भेग रुंदावली. दोघेही शेतकऱ्याची लूट होते असे म्हणत होते. लुटारू कोण, याविषयी मात्र त्यांचे एकमत नव्हते. जोशींनी हा प्रश्न मुक्त बाजारात शेतकरी हरणार नाही या विश्वासाने सोडविला. विश्वास हे प्रमाण नव्हे.

जोशींचे टीकास्त्र कोठे अचूक लागते हे त्यांच्या पश्चात घडलेल्या एका प्रकरणावरून चांगले दिसते. १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याने कोणत्याही शेतमालाच्या साठ्यावर, दरावर व वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनास दिला. १९७६ साली हा कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात घालून न्यायालयीन आव्हानापासून दूर ठेवण्यात आला. २०२० साली केंद्र शासनाने शेतीविषयक जे तीन कायदे केले त्यांपैकी एकाने या अधिकारास मर्यादा घातली. कांदा, बटाटा, धान्ये व डाळी यांवर युद्ध, दुष्काळ, असामान्य भाववाढ अथवा गंभीर नैसर्गिक आपत्ती या परिस्थितीतच नियंत्रण आणावे, आणि साठ्याची मर्यादा फळे-भाज्यांच्या किरकोळ दरात १०० टक्के वाढ झाली तरच घालावी, असे ठरले. शेतकरी संघटनेने या सुधारणांचे स्वागत केले. परंतु या दुरुस्तीचे विधेयक १५ सप्टेंबर रोजी लोकसभेने संमत केले, त्याच्या आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १०० टक्क्यांच्या त्याच कलमाचा आधार घेऊन कांद्याच्या साठ्यावर मर्यादाही आली. पुढे हे तिन्ही कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले. ते मोठ्या व्यापाऱ्यांच्या हिताचे होते की शेतकऱ्यांच्या, या वादात पडण्याचे येथे कारण नाही. स्वातंत्र्य देणाऱ्या कायद्यातच ते परत घेण्याचे कलम असते आणि निर्यातबंदीला तर त्या कायद्याची गरजही नसते, एवढी गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात संपूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्यासह व शुल्कासह बंदी मागे, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही रद्द. या दीड-पावणेदोन वर्षांत लासलगावच्या शेतकऱ्याने कोणत्या आधारावर लागवडीचा निर्णय घ्यावयाचा? सत्ता जाचक असण्यापेक्षा ती केव्हा वापरली जाईल हे न कळणे अधिक हानिकारक असते. हायेक यांनी १९४४ साली कायद्याच्या राज्याविषयी लिहिताना शासनाच्या कृती आधीपासून जाहीर असलेल्या नियमांनी बांधलेल्या असाव्यात यावर जो भर दिला, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणे कठीण आहे.

येथवर जोशींचा विचार टिकतो, किंबहुना उजळून निघतो. तो कोठे थांबतो हे पाहण्यासाठी मात्र एक वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. पीक कोणाचे, हा प्रश्न ते विचारतात आणि ‘ज्याने पिकविले त्याचे’ असे उत्तर देतात. जमीन कोणाची, हा प्रश्न त्यांच्या उपपत्तीत आरंभी येतच नाही. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली किमान राज्यसंस्थेचे जे समर्थन केले त्यात मालमत्ता मुळात न्याय्य रीतीने मिळाली होती काय, हा प्रश्न पहिलाच आहे. आणि ती अन्यायाने मिळाली असेल तर त्याचे परिमार्जन करणारे तत्त्व त्यांनाही मान्य करावे लागले. त्या तत्त्वाचा तपशील त्यांनी दिला नाही हे खरे, पण प्रश्न टाळला नाही. जोशींनी जमीनधारणेच्या कमाल मर्यादेस विरोध केला, मालमत्तेचा हक्क पुन्हा मूलभूत व्हावा असे म्हटले. परंतु या विरोधातही विचार सुरू होतो तो जमीन आज ज्याच्या नावावर आहे तेथून. दख्खनच्या गावगाड्यात जमीन कोणाकडे आली, कोणाच्या वाट्यास केवळ वतनाची सेवा आली आणि कोणाच्या वाट्यास काहीच आले नाही, हा इतिहासही लुटीचाच इतिहास आहे. आणि त्यात लुटणारे सारेच गावाबाहेरून आलेले नव्हते.

महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथास शंभर वर्षे झाली तेव्हा जोशींनी त्यावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. फुल्यांशी त्यांचे नाते जवळचे आहे. शेतकऱ्याच्या दैन्याचे कारण शेतकऱ्यात न शोधता त्याच्याकडून वसूल करणाऱ्यांत शोधण्याची दृष्टी दोघांचीही. पण फुल्यांचा रोष सरकारच्या अस्तित्वावर नव्हता. ते ज्यांच्या हाती पडले होते त्यांच्यावर, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आळसावर होता. म्हणूनच त्याच ग्रंथात ते सरकारकडे ताली-बंधारे मागतात, त्यासाठी पलटणींतील व पोलीसखात्यातील फालतू शिपाई कामास लावावेत असे सुचवितात, शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या मागतात. जोशींनी फुल्यांचे निदान घेतले आणि औषध सोडून दिले. तसे करण्याचा त्यांना अधिकार होता. मात्र हे औषध का सोडले याची जितकी सविस्तर चर्चा हवी होती तितकी झालेली नाही, असे मला वाटते. फुल्यांच्या काळचा शूद्र शेतकरी गावात एकटा होता. त्याच्यावर अरेरावी करणारा कुलकर्णी सरकारी नोकर होता खरा, पण सरकार उठून गेल्याने त्याची अरेरावी संपली असती असे फुल्यांनी कधीही मानले नाही.

शेतमजुराच्या प्रश्नातही हाच अपुरेपणा जाणवतो. शेतमालास भाव मिळाला की मजुरीही वाढेल, हे जोशींचे म्हणणे काही अंशी अनुभवाने खरे ठरले आहे. परंतु १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने जी रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले, तिच्यामुळे मजुरास बांधावरच्या कामाला ‘नाही’ म्हणण्याची सोय झाली. नकार देता येणे हेही स्वातंत्र्यच, आणि ते येथे शासनाने, शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून पैसा उभा करून, दिले. स्वतंत्रतावादी भूमिकेतून या योजनेचा हिशेब कसा मांडावयाचा, ही खरी कसोटी होती.

असे असले तरी जोशींच्या कार्यातील एक प्रकरण त्यांच्या उपपत्तीच्या पुढे जाते. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले व त्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर घरांत असे घडेल त्याला लक्ष्मीमुक्त गाव म्हणावे. अनेक गावांनी हे केले. कायदा मागावयाचा नाही, सक्ती करावयाची नाही. आपण शासनाकडे आपल्या घामाचा हिशेब मागतो, तर घरातल्या लक्ष्मीच्या घामाचा हिशेब आपणच दिला पाहिजे, ही त्यामागील भूमिका. जमीन कोणाची, हा टाळलेला प्रश्न येथे अखेर घराच्या दारातून आत आला.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांवर वाढलेल्या आगरकरांनी स्त्रियांच्या प्रश्नावर सरकारी कायद्याचे समर्थन केले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळकांनी परकी सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. आगरकरांच्या व्यक्तिस्वातंत्र्यात कुटुंब हीदेखील एक सत्ता होती, आणि तिच्यापासून रक्षण करावयास दुसरी सत्ता लागते हे त्यांना मान्य होते. जोशी या प्रश्नावर आगरकरांच्या बाजूचे की टिळकांच्या, असे विचारले तर सरळ उत्तर देता येत नाही. ध्येय आगरकरांचे, पण मार्ग शासनास दूर ठेवणारा. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीस १८६ मते अनुकूल पडली आणि प्रतिकूल एकच, ते जोशींचे होते. मतदारसंघ फिरते ठेवल्याने प्रतिनिधी व मतदार यांचे नाते तुटेल, हा त्यांच्या आक्षेपातील मुख्य मुद्दा. त्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीमुक्तीची गावे पाहिली नव्हती, एवढे म्हणणे भाग आहे.

तथापि स्वेच्छा या कल्पनेची तपासणी राहतेच. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. त्यानंतर गावोगावी काय घडले? बहिणी भावांस हक्कसोडपत्र लिहून देऊ लागल्या. कागदावर तेही स्वेच्छेनेच. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही आणि लक्ष्मीमुक्तीत नवऱ्याने केलेली सही, दोन्ही सक्तीविना; पण पहिलीत देणाऱ्याजवळ नकाराचे बळ नाही आणि दुसरीत आहे. शासनाची सक्ती नसणे म्हणजेच स्वातंत्र्य, ही व्याख्या या दोन सह्यांतील भेद सांगू शकत नाही. उलट पतीच्या हयातीत पत्नीस जमिनीत वाटा देण्याची तरतूद या दुरुस्त्यांतही नव्हती. जेथे कायदा पोहोचला नाही तेथे लक्ष्मीमुक्ती पोहोचली, हेही नोंदविले पाहिजे.

या दानाची पूर्तता मात्र तलाठ्याच्या दप्तरातच व्हावयाची होती. फेरफाराची नोंद मंजूर होऊन सातबाऱ्यावर पत्नीचे नाव चढल्याखेरीज नवऱ्याचा शब्द हा शब्दच राहत होता. आणि १९९२ साली महाराष्ट्र शासनाने अशा नोंदींसाठी परिपत्रक काढले त्याला नावही लक्ष्मीमुक्ती हेच दिले. तीन दशकांनंतर त्या गावांत त्या जमिनी कोणाच्या नावावर आहेत, किती विकल्या गेल्या, वाटण्यांच्या वेळी किती स्त्रियांची नावे टिकली आणि पिकाचे पैसे कोणाच्या हाती येतात, याचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. फेरफाराच्या नोंदवह्या उपलब्ध आहेत. नाशिक, वर्धा, परभणी यांसारख्या संघटनेचा प्रभाव असलेल्या जिल्ह्यांतील काही गावे निवडून हे काम एखाद्या संशोधक विद्यार्थ्यास हाती घेता येईल.